गोधडी मनासारखी झाली नाही? थांबा, उसवू नका!

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींच्या ट्रंकेत एखादी रुसून ठेवलेली गोधडी आहे? खरं सांगा हं! हौसेनं शिवायला घेतलेली, महिनेन् महिने पाठ मोडून पुरी केलेली, आणि पलंगावर अंथरल्याबरोबर ‘अगंबाई, हे काय झालं!’ म्हणून घडी करून तळाशी सरकवलेली? माझ्या ट्रंकेत होती. तब्बल सात महिने होती. तिनं मला जे शिकवलं, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आई गेल्यावर वहिनीनं तिची ५ लुगडी माझ्या हाती ठेवली. दोन इरकली, एक काळी चंद्रकळा, एक बारीक चौकड्याचं आणि एक फुलाफुलांचं सुती पातळ. “वन्सं, तुम्हाला शिवणाची हौस आहे. अप्पांसाठी याचं काहीतरी करा,” ती म्हणाली. माहेर मिरजेचं. तिकडे गोधडीला वाकळ म्हणतात, आणि आईच्या हातच्या वाकळा पांघरूनच आम्ही भावंडं वाढलो. तेव्हा वाकळच करायची, वर्षश्राद्धाच्या आत करायची, असं मी ठरवून टाकलं.

ठरवलं एवढंच. आखलं मात्र काहीच नाही! एका दुपारी कात्री घेऊन बसले आणि सरसकट ६ इंचांचे चौकोन कापत सुटले. लुगड्यांचे काठ जाड, मशीनखाली अडखळतात, म्हणून ते फाडून गाठोड्यात टाकले. तुकडे टोपलीत कालवले आणि हाताला येईल तो जोडत गेले. १२ तुकड्यांची एक ओळ, अशा १८ ओळी. एकूण २१६ तुकडे, ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब. मग पाठ लावली, मध्ये जुन्या चादरीचे थर घातले आणि धावदोरा भरला. शाळा, घर, पोरांचे डबे सांभाळून चार महिने लागले.

वर्षश्राद्धाला सगळे जमले, तेव्हा मोठ्या तोऱ्यात ती अंथरली. मावशी म्हणाली, “ऊब मात्र छान येईल हो!” आता मुलगी बघून आल्यावर कुणी ‘स्वभावानं चांगली असेल’ म्हणालं, की त्याचा अर्थ काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. अप्पांनी वाकळीवरून हात फिरवला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. आणि हळूच विचारलं, “यातलं तिचं कुठलं गं?”

सगळंच तिचं होतं. पण दिसत कुठेच नव्हतं.

बाजारातून आणलेलं कापड बिघडलं तर दुसरं आणता येतं. ही लुगडी पुन्हा मिळणार नव्हती. मी ती ट्रंकेत टाकली आणि त्या विषयावर बोलायचंच बंद केलं.

पान फाडू नका

मी दुपारच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. निबंधात एक ओळ चुकली की मुलं अख्खं पान टरकावतात. “अरे, पान कशाला फाडता? चुकलेली तेवढी ओळ खोडा,” हे वाक्य मी दिवसातून दहादा तरी म्हणत असेन. एकदा असंच म्हणता म्हणता मला माझी ट्रंक आठवली. मी तरी दुसरं काय केलं होतं? नेमकं काय चुकलं ते न पाहता सगळं पानच वाईट ठरवून मोकळी झाले होते.

त्या रविवारी वाकळ बाहेर काढली. तुम्हीही काढा. पण हातात कात्री घेऊ नका. आधी फक्त बघायचं.

गोधडी शिवताना आपण तिला हातभर अंतरावरून बघतो, आणि वापरताना ती दिसते खोलीच्या दारातून. म्हणून ती दोरीवर टांगा किंवा पलंगावर अंथरा आणि १०-१२ फूट लांब उभ्या राहा. दिवसाच्या उजेडात पाहा. दिव्याखाली रंग फसवतात. मग डोळे किलकिले करा. फुलं, ठिपके, चौकडे पुसट होतील आणि फक्त उजळ कुठे आणि गडद कुठे तेवढं उरेल. मोबाइल असेल तर त्यावर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. लाल आणि हिरवा रंग एकमेकांपासून केवढे वेगळे वाटतात! पण कृष्णधवल फोटोत ते पुष्कळदा एकाच राखाडी छटेचे निघतात. गोधडीची नक्षी उभी राहते ती या उजळ-गडदाच्या फरकावर. रंग त्यानंतर येतो.

आणि मग एका वाक्यात लिहा: मला यात नेमकं काय खुपतंय? ‘सगळंच’ हे उत्तर चालणार नाही!

चार दुखणी आणि त्यांचे उपाय

माझी आणि शेजारपाजारच्या बायकांची कामं पाहून मला वाटतं, की बिघडलेल्या गोधड्यांची दुखणी बहुतेक चारच असतात.

पहिलं दुखणं खिचडीचं. प्रत्येक तुकडा नक्षीचा, प्रत्येक तुकडा बोलका. निबंधात प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह काढलं तर वाचणारा दमतो ना, तसंच डोळ्यांचं होतं. त्यांना टेकायला जागा हवी. उपाय म्हणजे साधं, बिननक्षीचं कापड. वरची बाजूच फक्त जोडून झाली असेल, तर चार किंवा सहा तुकड्यांचे गट सुटे करा आणि त्यांच्यामध्ये दोन इंचांची साधी पट्टी घाला. गोधडी थोडी मोठी होईल, तेवढी एखादी ओळ कमी करा. सुटं करायचं नसेल, तर निदान सभोवार साध्या कापडाची रुंद पट्टी लावा. चित्राला चौकट मिळाली की निम्मा गोंधळ शमतो.

दुसरं दुखणं मिळमिळीतपणाचं. सगळं मध्यम: ना धड उजळ, ना धड गडद. जुन्या, धुवून धुवून विटलेल्या कापडांचं असं हटकून होतं. अशा गोधडीत नवे रंग कोंबू नका. पाच-सात गडद आणि तेवढेच अगदी उजळ तुकडे निवडून, जागा ठरवून, वरून ठिगळासारखे लावा. स्वयंपाकात जे मीठ करतं, तेच इथे हे तुकडे करतात. गडद रंगाचा गोट लावला तरी पुष्कळ फरक पडतो.

तिसरं दुखणं एका भांडखोर तुकड्याचं. बाकी सगळं सौम्य आणि मध्येच एक भडक केशरी! आपली नजर तिथेच जाते. पहिला विचार येतो तो काढून टाकण्याचा. पण काढण्याआधी एक करून बघा. त्याच रंगाचे आणखी दोन तुकडे दुसऱ्या दोन ठिकाणी नुसते टाचून पाहा, तिन्ही मिळून त्रिकोण होईल असे. एकटा असताना जो चुकून आल्यासारखा दिसतो, तो सोबत मिळाल्यावर मुद्दाम ठेवल्यासारखा दिसतो. तरीही खुपलाच, तर मग त्यावर दुसरा तुकडा दुमडून तुरपून टाका.

चौथं दुखणं मापाचं. नक्षी बरी आहे, पण कडा लाटांसारख्या हलतात आणि मध्ये झोळ येतो. इथे दोष रंगाचा नाही, हाताचा आहे. शिवणीत अर्धा इंच धरायचा ठरवलं आणि दर जोडाला नुसता अष्टमांश इंच चुकला, तर १५ जोडांत जवळजवळ दोन इंचांचा फरक पडतो. शिवाय तिरप्या धाग्यावर, म्हणजे उरेब कापलेला तुकडा ताणला जातो तो वेगळाच. उपाय असा: गोधडीची लांबी दोन्ही कडांना मोजा आणि मधोमधही मोजा. कडेची पट्टी मधल्या मापानं कापा. ती आधी मध्यावर आणि दोन्ही टोकांना टाचा, मग उरलेली कड तिच्यात सारखी सामावून घ्या. आपण उलट करतो. कड लावत लावत जातो आणि उरलेली पट्टी शेवटी कापतो. मग लाटा येणार नाहीत तर काय!

धावदोरा भरून झालेली गोधडी मात्र उसवू नये, असं माझं मत आहे. जुनं सुती कापड आधीच झिजलेलं असतं. टाके ओढताना ते भोकं धरतं, आणि दुरुस्तीच्या नादात चिंध्या हाती येतात. तिच्यावर वरूनच काम करावं: ठिगळ, पट्टी, गोट, किंवा ठळक रंगाच्या दोऱ्याचा आणखी एक धावदोरा. आणि हो, एकदा धुवून तर पाहा! धुतल्यावर सुती गोधडी आक्रसते, बारीक चुण्या पडतात आणि कितीतरी लहानसहान चुका त्यांत लपतात.

माझ्या वाकळीचं काय झालं

मी किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं आणि वहीत लिहिलं, ‘खिचडी झाली आहे.’ पण तेवढ्यानं मन भरेना. अप्पांचा प्रश्न मनातून जाईना. इरकलीला आपण इरकल म्हणून कशावरून ओळखतो? अंगावरून थोडंच? तिच्या काठावरून आणि लाल टोपपदरावरून. मी आईची ओळखच नेमकी फाडून बाजूला ठेवली होती!

गाठोडं सुदैवानं टाकलेलं नव्हतं. कागद घेऊन हिशेब केला. वाकळीचे सहा मोठे चौकोन पाडायचे, प्रत्येक ३० इंचांचा. त्यासाठी मधोमध एक उभी पट्टी ९० इंचांची, दोन आडव्या ६० इंचांच्या आणि सभोवार ३०० इंच. एकूण ५१० इंच, म्हणजे १४ वार ६ इंच. एका नऊवारीचे दोन काठ मिळून १८ वार होतात. म्हणजे विरलेला भाग सोडूनही एका इरकलीचे काठ पुरत होते!

सगळे काठ एकाच लुगड्याचे घ्यायचे, हे मी नीट ठरवलं. पाच तऱ्हांचे घेतले असते तर खिचडीत आणखी डाळ पडली असती. काठ आधी जोडांवर टाचून घेतले, दोन्ही कडा आत दुमडल्या आणि हातानं तुरपले. मग सगळ्या थरांतून पुन्हा धावदोरा घातला. एकही टाका उसवला नाही. शाळेच्या दिवाळीच्या सुटीत काम संपलं. तेच २१६ तुकडे, पण आता सहा खिडक्यांतून बघितल्यासारखे दिसू लागले. उरलेल्या दुसऱ्या इरकलीच्या पदराचा एक तुकडा होता, तो उशाकडच्या बाजूला लावला.

वाकळ आदर्श झाली असं मी म्हणणार नाही. पायाकडचा एक कोपरा अजून ओढल्यासारखा दिसतो. पण या वेळी अप्पांनी विचारलं नाही. बोटांत काठ धरून म्हणाले, “ही मी हुबळीहून आणली होती. तिला रंग आवडला नव्हता.” आणि पांघरून घेतली.

पुढची गोधडी शिवण्याआधी

दुरुस्ती जमली हे खरं, पण आधीच आखणी केली असती तर सात महिने जीव टांगणीला लागला नसता. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आपण दुसऱ्याला लावतो. गोधडीवालीनं ती आधी स्वतःला लावून घ्यावी. आता मी काय करते ते सांगते.

कात्री लावण्याआधी प्रत्येक कापड पुरतं उघडून बघते आणि स्वतःला विचारते, की यात ओळखीचं काय आहे? काठ, पदर, एखादं मोठं फूल, शर्टाचा खिसा. ते आधी बाजूला काढते. त्यांची जागा पहिली ठरते, बाकीचे तुकडे त्यांच्या आजूबाजूला. मोठी नक्षी असलेलं कापड लहान चौकोनात कापू नये. फुलाची नुसती पाकळी हाती येते.

मग उरलेल्या कापडांचे तीन ढीग करते: उजळ, मध्यम, गडद. एखादा ढीग अगदीच लहान झाला, तर तेवढं कापड शोधायचं. मुलांच्या गणिताच्या वहीतला चौकटींचा कागद घ्यायचा. एक चौकट म्हणजे एक तुकडा. रंगीत पेन्सिली नसल्या तरी चालेल. गडदासाठी फुली, मध्यमसाठी टिंब आणि उजळासाठी रिकामी चौकट एवढं पुरतं.

हिशेबही आधीच करायचा. ६ इंचांचा चौकोन हवा तर ७ इंचांचा कापावा लागतो, कारण चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच शिवणीत जातो. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीला असे १५० चौकोन लागतात. ४५ इंच पन्ह्याच्या कापडात आडवे ६ चौकोन बसतात. एका वारात अशा ५ ओळी, म्हणजे ३० चौकोन. तेव्हा १५० चौकोनांना एकूण ५ वार चांगलं कापड हवं. जुन्या साडीत विरलेला भाग निघतोच, म्हणून वारभर जास्तच धरा. आणि पाच-सहा तुकडे राखून ठेवा. दुरुस्तीला तेच कामाला येतात.

कापडं आधी धुवून घ्या. नवं कापड जुन्याशी जोडलं आणि ते नंतर आक्रसलं, की जुनं ओढलं जाऊन फाटतं. लाल आणि काळ्या रंगाची खात्री करा. ओल्या पांढऱ्या फडक्याखाली तुकडा ठेवून इस्त्री फिरवा. रंग फडक्याला लागला, तर पुन्हा पुन्हा धुवून पाहा. तरीही लागत राहिला, तर मिठाच्या पाण्यावर भिस्त न ठेवता तो तुकडा वगळा. नायलॉन-पॉलिस्टर सुतीबरोबर शक्यतो घालू नका. सुती आक्रसतं, ते आक्रसत नाही.

शेवटी सगळे तुकडे पलंगावर मांडा, आणि लगेच शिवू नका! रात्रभर राहू द्या. पोरांना त्या रात्री खाली गाद्या घाला. सकाळी चहाचा कप हातात घेऊन दारातूनच बघा. चार तुकडे हटकून इकडचे तिकडे करावेसे वाटतील. मगच प्रत्येक ओळीला आकड्याची चिठ्ठी टाचा आणि ओळीनं उचला.

आखणी कागदावरच व्हावी असंही नाही. उत्तर कर्नाटकात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाजाच्या बायका ‘कवंदी’ नावाच्या सुरेख गोधड्या शिवतात. पोर्तुगीजांच्या काळात त्यांचे आफ्रिकी पूर्वज गोव्यात आणले गेले होते. या बायका कागदावर काही काढत नाहीत. गोधडीच्या कडेपासून सुरुवात करून तुकडे लावत आणि धावदोरा घालत त्या गोल फिरत मध्यापर्यंत येतात. प्रत्येक तुकडा आधीचा पाहून ठेवायचा. म्हणजे आखणी आणि दुरुस्ती हातात हात घालून चालतात. चारी कोपऱ्यांना मात्र दुमडलेल्या कापडाची ‘फुलं’ लागतातच. त्यांच्याशिवाय गोधडी उघडीबोडकी समजली जाते. ओळखीची खूण आधी ठरलेली आणि बाकी सगळं हातावर सोडलेलं, ही रीत मला फार शहाणपणाची वाटते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• आधी लांबून पाहा, मग दुखणं एका वाक्यात लिहा.
• एका वेळी एकच बदल करा, आणि तो टाचून पाहिल्याशिवाय शिवू नका.
• दर तीन तुकड्यांत निदान एक साधा ठेवा.
• धावदोरा भरल्यावर उसवू नका, वरून सुधारा.
• काठ, पदर कधीही टाकू नका.

परवा अक्का आली होती. तिच्या सुनेला दिवस गेलेत. आईच्या चंद्रकळेचा जेमतेम वारभर तुकडा उरलाय, त्याचं दुपटं कर म्हणाली. या वेळी मी ‘हो’ म्हटलं, पण कात्री अजून कपाटातच आहे. आधी चौकटीचा कागद काढलाय.

मग काय, तुम्ही केव्हा उघडताय ट्रंक?